धनाजीचा उजवा हात

विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे. निम्म्या घरांना कुलपं लागलीत. उरलेली उघडी आहेत ती धनाजीच्या जीपच्या जिवावर. एसटी विंझरपर्यंतच येते. पुढं चढायचं तर एक तर स्वतःचे पाय, नाही तर धनाजी. सकाळी माणसं, दुधाच्या किटल्या, कोंबड्या, एखादं करडू असं सगळं कोंबून तो नसरापूरला नेतो नि दुपारी परत आणून सोडतो. "माझी गाडी हाय म्हणून वाडी हाय," असं तो म्हणायचा. त्यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं.

पुण्याला कंपनीत असलेल्या त्याच्या मुलानं, सोमनाथनं, मात्र एकच टुमणं लावलं होतं. "आबा, वय झालं. हात वर जात न्हाई तुमचा. आईला घिऊन हिकडं या." शेवटी दिवाळीत बापलेकांचं ठरलं: गाडी चालतेय तोवर वाडी, गाडी बसली की पुणं. धनाजीची बायको सोजराबाई तिथंच भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की मुलाच्या त्या तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव गुदमरतो. पण बायकांना विचारायची पद्धत आपल्याकडं कधी होती?

हाताचं मात्र खरं होतं. उजवा खांदा धरला होता. स्टिअरिंग वळवताना धनाजी दात आवळायचा आणि वर "वारं भरलंय, जाईल" म्हणायचा. पण माणसाला उठताबसता म्हातारा म्हणत राहिलं की एक दिवस त्यालाही ते पटतं.

अशात जीपचा टायमिंगचा पट्टा चिरला. हा पट्टा इंजिनातला खालचा क्रँक आणि वरचा कॅम एका तालात फिरवतो. ताल चुकला की उघडलेला व्हॉल्व्ह खालून येणाऱ्या पिस्टनवर आदळतो आणि इंजिन कामातून जातं. नसरापूरचा बंडू मेस्त्री म्हणाला, दोन-चार दिवसांत वर येतो. पण धनाजीनं हे काम पूर्वी स्वतःच्या अंगणात केलेलं. त्याला कुठला दम निघतोय. नवा पट्टा घेऊन तो घरी आला नि बॉनेट उघडून बसला.

पुलींवरच्या खुणा जुळवल्या, पट्टा चढवला. पण दुखऱ्या हातानं ताण बसेना, डाव्या हातानं ओढताना वरची पुली काही दाते सरकली. खुणांवरचं तेल पुसून त्या पुन्हा बघितल्या असत्या तर ते दिसलं असतं. त्यानं बघितलं नाही. घाई कसली होती, देव जाणे.

एक गोष्ट मात्र त्यानं रीतीप्रमाणं केली. किल्ली मारायच्या आधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, हे त्याला बंडूच्या बापानं, कोंडिबा मेस्त्रीनं शिकवलं होतं. धनाजीनं पाना लावला. थोडा फिरला आणि गच्च अडला. त्यानं अंगातलं सगळं बळ लावलं. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाना जागचा हलला नाही.

पाना अडला म्हणजे आत काहीतरी अडलंय, हे त्याला पाठ होतं. पण त्या सकाळी त्याच्या मनात इंजिन आलंच नाही. मनात आला सोमनाथ.

"काय झालं वं?" सोजराबाईनं दारातून विचारलं.

"काय न्हाई. जोर बसंना."

अख्ख्या संसारात त्यानं बायकोपुढं असं कधी कबूल केलं नव्हतं. लाजेनं त्याला मान वर करवेना.

मग डोंगरातल्या गाडीवाल्यांची जुनी युक्ती आठवली. इथं गाडी नेहमी उताराला तोंड करून लावतात. बॅटरी रुसली की गिअर टाकायचा, गाडी खाली सोडायची; इंजिन आपोआप फिरतं. हातानं नाही तर उतारानं फिरेल, असा त्यानं विचार केला. शेजारचा गेनबा मागून ढकलायला आला. चाकाखालचा दगड निघाला, जीप घरंगळली, धनाजीनं क्लच सोडला.

आवाज फार मोठा झालाच नाही. आत काहीतरी कडकन मोडलं आणि चाकं घासत जीप थांबली.

"चालू झाली का?" गेनबानं मागून विचारलं. धनाजीनं हँडब्रेक ओढला.

बंडू आला तोवर करायचं काही उरलं नव्हतं. इंजिनाचं डोकं उघडून त्यानं वाकडे झालेले व्हॉल्व्ह एकेक करून पोत्यावर मांडले. फुटलेला पिस्टन दाखवला. या इंजिनाचं सामान आता भंगारातसुद्धा मिळत नाही, म्हणाला. गेनबा उकिडवा बसून बघत होता. "मग आता आमी कसं जायाचं?" असं त्यानं हळूच विचारलं.

"अण्णा, पाना लावून बघितला न्हवता व्हय?" बंडूनं विचारलं.

"बघितला की."

"मग अडला न्हाई?"

"अडला."

"आन तरी गाडी सोडली?"

धनाजीनं पोत्यावरचा एक वाकडा व्हॉल्व्ह उचलला. "मला वाटलं, हातातच काय ऱ्हायलं न्हाई."

बंडूनं कपाळावर हात मारला. "अवं, तितं रेडा जुंपला असता तरी हाललं नसतं. हात बरोबर सांगत हुता तुमचा."

संध्याकाळी धनाजीनं मुलाला फोन लावला. गाडी बसली एवढंच सांगितलं. सोमनाथ रागावला नाही, उलट मायेनंच बोलला, "जाऊ द्या आबा. ह्या वयात हुतंय असं. आता तुमच्यात ताकद न्हाई ऱ्हायली."

धनाजीच्या ओठांवर बंडूचं बोलणं आलं होतं. सोजराबाई जवळच उभी होती, त्याच्या तोंडाकडं बघत.

"व्हय बाळा," तो म्हणाला. "न्हाई ऱ्हायली."