तीर्थनच्या बर्फात न टाकलेली गरी

बर्फ बघायचाय असं मी आयुष्यात कधीही कुणाला म्हटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो "काय कदम, बर्फ बघून आलात म्हणे, मजा आहे बुवा!" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. मला मासे धरायचे होते. काठावर बसून, गरी टाकून, जसे मी घाटकोपरहून दर रविवारी माहुलच्या खाडीवर जाऊन इतकी वर्षं धरत आलो, तसे. हिमाचलातल्या तीर्थन नदीत ट्राउट नावाचा मासा असतो, त्याच्यासाठी गेलो होतो. बर्फ मध्ये आला.

जायचं कसं ठरलं तेही सांगतो, म्हणजे माझ्या रागाचं मूळ कळेल. ऑक्टोबरात माहुलला चिखलावरून माझा पाय घसरला आणि मनगट मोडलं. भरती चढत होती, दोन कोळी पोरांनी बखोटीला धरून वर ओढलं. हाताला प्लास्टर घातल्याचं कळताच माझा मुलगा निलेश मुलुंडहून धावत आला आणि दोन दिवसांनी, मी जरा उठून बसल्यावर, साहेबासारखा समोर खुर्ची ओढून बसला.

"बाबा, आता बास झालं. माहुल बंद."

सदुसष्ट वर्षांच्या माणसाला हे असं सांगतात. मी आरडाओरडा केला, तो त्याने ऐकून घेतला, आणि मग तोडगा काढला. एकदा चांगल्या ठिकाणी जाऊन मनसोक्त मासे धरायचे, आईलाही न्यायचं, खर्च त्याचा. पण ती शेवटची वेळ. आल्यावर गरी कायमची माळ्यावर. माझी बायको सुनंदा भाजी निवडत होती, तिने मान वर करून पाहिलंही नाही. मी रागारागात हो म्हणून गेलो. शेवटचीच असेल तर निदान जंगी तरी होऊ दे, एवढंच त्यावेळी डोक्यात होतं.

महिना मी ठरवला, जानेवारी. निलेश म्हणाला एप्रिल-मे बरा, तर मी त्यालाच शिकवलं की पाणी थंड तेवढा मासा चविष्ट.

घाटकोपर स्टेशनबाहेर स्वेटर, हातमोजे, कानटोप्या सगळं मिळतं, पण जाणाऱ्यांनी एक ऐका, हातमोजे तिकडचेच घ्या. इथले फक्त दाखवायला असतात. माझी काठी एकात एक सरकून लहान होणारी आहे, ती मी नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या पाइपात घातली आणि गऱ्या सामानाच्या बॅगेत. गऱ्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, काढून घेतात. पाइपासाठी सांताक्रूझच्या विमानतळावर मला तीन वेळा बाजूला घेतलं. "चाचाजी, इसमें क्या है?" मासे धरायची काठी म्हटल्यावर तो पोऱ्या हसला आणि त्याने दुसऱ्याला बोलावून दाखवली. मी चिडून म्हणालो, "कधी बघितली नाही काय?" सुनंदा म्हणाली, "गप रवा जरा." वैतागली की ती थेट देवगडची होते.

चंदीगडहून पुढे गाडी. गाडी आधी ठरवून ठेवा, उतरल्यावर ठरवायला गेलात तर ते तुमच्या तोंडाकडे बघून भाव सांगतात. मंडीपर्यंत रस्ता चांगला आहे, मध्ये मध्ये दरड काढायचं काम चालू असतं तिथे थांबावं लागतं. एका ढाब्यावर राजमा-भात खाल्ला, तो मात्र उत्तम होता, रागातसुद्धा कबूल करतो. पुढे औटचा लांबलचक बोगदा, त्यात न शिरता तोंडाशीच उजवीकडे बंजारचा रस्ता लागतो आणि नदी सोबतीला येते. काचेसारखं पाणी! तळातला दगडन् दगड दिसतो. माहुलला पाण्यात स्वतःचा हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. मी खिडकीला नाक लावून बघत होतो आणि खरं सांगतो, त्या तासाभरात मला कुणाचाही राग आला नाही.

बंजारच्या पुढे बर्फ सुरू झाला. आमचा मुक्काम नदीपलीकडे होता. झुलत्या पुलावरून चालत जायचं, सामान घरमालकाची माणसं नेतात. लाकडी घर, मधोमध पत्र्याची शेगडी, तिच्याभोवती सगळं कुटुंब. घरमालक ठाकूर पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या बायकोने वाफवलेले सिड्डू दिले, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. सुनंदाने दोन खाल्ले आणि कृती विचारायला चुलीपाशी जाऊन बसली. एकीला हिंदी धड येत नाही, दुसरीला मराठी अजिबात नाही, पण दोघींचं तासभर चाललं होतं.

बर्फाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: पहिली दहा मिनिटं बरा वाटतो. मग तो बुटात जातो. रात्री नळ गोठतो, सकाळी बादलीभर गरम पाण्यासाठी शेगडीपाशी रांग, आणि अंघोळ केलीत तर तुमच्या धैर्याला नमस्कार. गमबूट ठाकूरच देतो, तेच घाला. शहरातले बूट घालून मिरवाल तर आपटाल.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चहा घेतला, काठी उघडून लांब केली आणि नदीकडे निघालो.  काठावर एक छान सपाट दगड हेरला. त्यावरचा बर्फ हाताने साफ करत होतो तेवढ्यात ठाकूर वरून धावत आला.

"अंकल जी, अंकल जी! अभी बंद है."

"काय बंद? नदी बंद?"

"फिशिंग बंद है. नवंबर से फरवरी तक. सर्दी में ट्राउट अंडे देती है ना."

मला वाटलं हा माझी गंमत करतोय. या असल्या थंडीत अंडी कोण घालतं? मासे पावसात अंडी घालतात, हे देवगडपासून माहुलपर्यंत शेंबड्या पोराला ठाऊक आहे. जून-जुलैत होड्या वर ओढतात, मी स्वतः त्या दिवसांत काठीला हात लावत नाही. कुणी गाभोळीचा मासा ओढताना दिसला तर त्याच्या अंगावर धावून गेलोय. हे मी ठाकूरला मोडक्यातोडक्या हिंदीत तावातावाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तो फिर आप समझते हो."

समजतो! हाच तर वैताग. कुणाशी भांडायला जागाच ठेवली नाही त्याने. मी काठी सरकवून लहान केली आणि पुन्हा पाइपात घातली. मग निलेशला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. तू पोरगा इतका शिकलेला, मोबाइल दिवसभर हातात, एवढं साधं बघता आलं नाही? तो म्हणाला, "बाबा, जानेवारी तुम्हीच ठरवलात. मी एप्रिल म्हणत होतो." मी फोन कट केला.

दुपारी ठाकूर माझी समजूत काढायला आला. जवळच ट्राउटची शेती आहे, ताजी आणून तळून देतो म्हणाला. टाकीतला मासा! घाटकोपरला बाजारात जाऊन आणला असता मग. मी डाळ-भात खाल्ला. सुनंदाने अख्खी ट्राउट काट्यापर्यंत चोखून खाल्ली, वर "सुरमईपुढे काही नाही, पण बरी आहे" असा शेराही मारला. त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी लोक जालोरी खिंडीकडे बर्फात खेळायला जातात, खिंड बंद असली तरी रस्ता असेल तिथपर्यंत गाड्या नेतात. मी गेलो नाही. काठी न घेता त्याच दगडावर जाऊन बसलो. करणार काय दुसरं? पाणी वाहत होतं, पलीकडच्या देवदारावरून मधूनच बर्फाचा गोळा धप्प करून पडायचा. नेहमीचेच विचार आले. ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही. वरच्या मजल्यावरच्या शहाने अजून किती दिवस फरशी फोडायची आहे. कोळंबीचं आमिष हल्ली इतकं महाग झालंय की ते माशाला द्यावं की आपणच खावं. डावा गुडघा. वडील गिरणी सुटली की मला लहानपणी खाडीवर न्यायचे, तेव्हा ते एक अक्षर बोलायचे नाहीत, आणि मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत. माहुलला ओहोटीला रिफायनरीचा वास येतो, तरी तिथे बसल्यावर हेच विचार येतात, याच क्रमाने. कारखान्यातनं निवृत्त झाल्यावर मला कुणी विचारलं नाही की कदम, आता दिवसभर करणार काय. रविवार होता म्हणून आठवडा होता. तो काढून घेतला की राहतात नुसत्या गोळ्या आणि शहाचं ड्रिल. हे आठवलं आणि मी एकटाच तिथे मोठ्याने एक शिवी दिली.

मागून आवाज आला, "कुणाला?"

सुनंदा. गमबूट घालून, एकेक पाऊल चाचपत, एका हातात चहाचा थर्मास. ती दगडावर टेकली आणि पाण्याकडे बघायला लागली.

"माहुलला पण असंच बसता?"

"असंच."

"आणि मासे?"

"लागले तर लागले."

ती माझ्याकडे वळली. चेहरा लाल झालेला, थंडीने नाही. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मासे आणायला जात नव्हतात? मी दर रविवारी वाटण करून वाट बघत बसायची, ती शिंगाळी साफ करून माझे हात सोलून निघायचे, आणि तुम्ही तिथे नुसते बसायला जायचात?"

"मग काय झालं?"

"काय झालं विचारतायत! अहो, बसायचंच होतं तर सांगायचं ना. मला वाटायचं एका शिंगाळ्यासाठी हा माणूस जीव द्यायला निघालाय."

असं भांडण आम्ही बर्फात बसून केलं. चहा थंड झाला. शेवटी मी म्हणालो ते मलाच अनपेक्षित होतं. म्हणालो, "सुनंदा, मला बंद नाही करायचंय गं."  तिने उठताना हात पुढे केला, म्हणाली, "धरा, माका थंडी वाजता." 

घरी आल्यावर निलेश जेवायला आला. बांगड्याचं कालवण, भात. मी फोनवर ओरडलो होतो त्याबद्दल त्याने काही काढलं नाही. पोरगा तसा वाईट नाही. पण जेवता जेवता म्हणाला, "मग बाबा, ठरल्याप्रमाणे. सामान आज माळ्यावर टाकून देतो."

"ठरलं होतं मासे धरायचं. धरले का मी?"

"असं नसतं हं बाबा."

"तू कोण रे मला बंद करणारा? मी तुझ्या घरी येऊन तुला सांगतो का, हे कर, ते करू नको?"

निलेशने ताटात हात झटकला. "मला काय बोलता? मला काय पडलंय! आईनेच फोन केला होता. रडत होती. म्हणाली, त्यांना त्या चिखलातून काढ, पण माझं नाव घेऊ नकोस, माझं ते ऐकणार नाहीत."

मी सुनंदाकडे बघितलं. अख्खा प्रवास मी ज्याच्या नावाने बोटं मोडली तो नुसता निरोप्या होता. तळपायाची आग मस्तकात गेली. ती कालवण वाढत होती, पळी तशीच हातात.

"सांगितलं होतं," ती निलेशला म्हणाली. "आता उलटं सांगते. जाऊ देत त्यांना." मग माझ्याकडे न बघता, "आणि मी पण जाणार. नुसतं बसायचं तर मलाही येतं."

जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, ट्राउटसाठी जायचं तर मार्चनंतर जा, परवाना काढा, आणि तुमचं ठाम मत घरी ठेवून जा. तीर्थनचं काय राहिलं म्हणाल तर ते पाणी राहिलं. पण सुनंदावरचा राग अजून गेलेला नाही. माझ्या पाठीमागे, माझ्या पोराकडे, माझ्याबद्दल! रविवारी रिक्षात तिला विचारलं, मला सरळ का नाही सांगितलंस. म्हणाली, "ऐकलं असतंत?" मी म्हटलं, "नाही." "मग?"

माहुलला पोचल्यावर पहिला अर्धा तास तिने नाकाला पदर लावून चिखलाला, डासांना आणि मला सगळ्यांना शिव्या दिल्या. ओहोटी लागली होती, काठ निसरडा. मी उभा राहून गरी फेकायला हात मागे नेला तर मागून काहीतरी अडकलं. तिने माझा सदरा पाठीवर मुठीत गच्च धरला होता. सोड म्हटलं. दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं, शेजारची पोरं वळून बघायला लागली. तिने सोडला नाही, तेव्हा गरी तशीच फेकली.