बाभळीची सगुणा

विजयमाला एसटीतून उतरली, आणि तिला घ्यायला आलेली चार माणसं तिच्या मागून आणखी कोण उतरतंय ते बघत उभी राहिली. मागून कोणीच उतरलं नाही. कंडक्टरने घंटी मारली, गाडी धूळ उडवत निघून गेली आणि पळसदऱ्याच्या फाट्यावर उरली ती एक पत्र्याची पेटी, एक पिशवी आणि चाळिशीला टेकलेली ही बाई. चौघांचे चेहरे पडले. ते बघून ती मनात म्हणाली, चला, म्हणजे यांनाही तोच फोटो दाखवलेला दिसतोय.

तो फोटो अकरा वर्षांपूर्वीचा होता. गावोगावच्या हौशी मंडळांना जत्रेच्या नाटकासाठी नट्या पुरवणारा मुंबईचा ठेकेदार तो अजूनही खिशात घेऊन फिरायचा. फोटो बदला म्हणून तिने त्याला दोनदा बजावलं होतं. नवा फोटो दाखवला तर सुपारी कोण देईल, असं म्हणून त्याने दोन्ही वेळा विषय टाळला होता.

नट्या पुरवाव्या लागायच्या त्याचं कारण गमतीचंच होतं. एकोणीसशे पंचाण्णव साल उजाडलं होतं. पारनेर तालुक्यातल्या बाया शेतं खुरपत होत्या, मैलभरावरून पाणी आणत होत्या, ग्रामपंचायतीच्या खुर्चीतसुद्धा बसायला लागल्या होत्या. पण त्यांनी स्टेजवर पाय ठेवला की मात्र गावाची अब्रू जाणार होती. म्हणून भैरवनाथाच्या जत्रेला नाटक गावातल्या पुरुषांनी बसवायचं आणि नायिका तेवढी बाहेरून, खेळाच्याच दिवशी आणायची, असा रिवाज पडला होता. नायिकेचा भाग वहीत उतरवून पोस्टाने तिला धाडायचा. या उतरवलेल्या भागाला नक्कल म्हणत. विजयमालेने पंधरा दिवस स्टोव्हपाशी बसून सगुणाची नक्कल तोंडपाठ केली होती. आता झोपेतून उठवलं असतं तरी तिने ती घडाघडा म्हणून दाखवली असती.

मूळची ती जामखेडकडची. मुंबईत जाऊन तिला चौदा वर्षं झाली होती. तिथल्या एका गाजलेल्या नाटकात तिने एकशे सत्तर प्रयोगांत मोलकरणीचं काम केलं होतं. पहिल्या अंकात चहाचा ट्रे आणायचा, दुसऱ्या अंकात कप उचलायचे, तोंडी वाक्य एकही नाही. बरोबरीची पोरं स्ट्रगल करतोय असं म्हणत हिंडायची. तिला तो शब्द आवडत नसे. ती म्हणायची, मी काम करते. मुंबईत तिला कुत्रं ओळखत नसलं तरी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतच्या गावांत चैत्राच्या जत्रांमध्ये तिला उसंत नसायची, आणि तिथं ती ट्रे घेऊन नाही, नायिका म्हणून उभी राहायची. या एका महिन्यावर ती उरलेले अकरा महिने ताठ मानेने काढत असे.

शाळेच्या वऱ्हांड्यात जत्रा कमिटीचे आप्पासाहेब बसले होते. कमिटी त्यांची, मंडप त्यांचा, आणि नायकाचं काम करणारा प्रवीणही त्यांचाच पुतण्या. त्यांनी चहा मागवला, प्रवास कसा झाला ते विचारलं, ऊन फार आहे म्हणाले. माणूस इतका गोड बोलायला लागला की पुढे काय येणार ते विजयमालेला अनुभवाने ठाऊक होतं.

"तुमचं काम चांगलंच आसंल बाई," ते शेवटी म्हणाले. "पन आमची सगुणा एकोनीस वर्षांची हाय."

केडगावात पूजा नावाची, नाटकांत कामं करणारी एक तरुण मुलगी होती; वाक्यं आतून सांगून तिच्याकडून निभावून घेणार होते. तिला फाट्यावरूनच निरोप गेला होता, आणायला जीप उभी होती. बाईंचा मान म्हणून लुगडं-चोळी करू, जाण्यायेण्याचं भाडं देऊ, असंही आप्पासाहेबांनी सांगितलं.

विजयमालेने मनात हिशेब मांडला. एका गावाने नटी परत धाडली की संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या दहा गावांना कळतं. मग पुढच्या चैत्रात तिला कोणी बोलावणार नव्हतं आणि हातात पुन्हा तो ट्रे येणार होता. पण तिने शांतपणे चहा संपवला.

"पाच वाजता पारनेरची गाडी आहे ना?" ती म्हणाली. "तोवर तिसऱ्या अंकाची एक तालीम घ्या. नाही पटलं तर मी माझ्या पायांनी जाऊन गाडीत बसेन. भाडंही नको."

आप्पासाहेबांना नाही म्हणता येईना. मंडळी शाळेच्या मोठ्या खोलीत जमली. नाटक गावच्याच ज्ञानेश्वर गुरुजींनी लिहिलेलं होतं. तेच वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले. बाहेर बातमी फुटली होती, त्यामुळे खिडक्यांना बायापोरं लटकली.

खोलीच्या मधोमध तिला एक विचित्र वस्तू दिसली. तेलाच्या डब्यात वाळू भरून त्यात बाभळीची कमरेएवढी मेढ, म्हणजे मांडवाचा उरलेला खांब, रोवला होता आणि त्याला जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं होतं. हे काय, असं तिने विचारलं तेव्हा गुरुजी ओशाळले. नायिका येणार खेळाच्या दिवशी, मग दोन महिने बोलायचं कोणाशी, म्हणून त्यांनी ही सगुणा उभी केली होती. सगळे हिच्याशी भांडले होते, हिच्या पाया पडले होते, हिच्यासाठी रडले होते. तिचे संवाद आले की गुरुजी वहीतून पुटपुटायचे आणि गाडी पुढे जायची.

मेढ कोपऱ्यात सरकवली आणि तालीम सुरू झाली. संशयावरून बायकोला घराबाहेर काढणारा नवरा तिच्या माहेरी येऊन माफी मागतो, असा तो प्रवेश होता. प्रवीण दूध डेअरीवर कामाला होता. रंगरूप चांगलं, आवाज खणखणीत. तो ऐटीत आत आला, "सगुणा, चुकलो मी" म्हणाला आणि विजयमालेच्या पोटाकडे बघून माफी मागायला लागला. दोन महिने मेढीकडे बघून बघून त्याची नजर तिथंच बसली होती. खिडकीतून हसू फुटलं.

विजयमालेने आपलं वाक्य घेतलं. "घरातून काढताना एकदा तरी माझ्याकडं बघितलं होतंत का? आता तरी वर बघून बोला."

प्रवीणने वर बघितलं. समोर डबडबलेले दोन डोळे होते. तो जो थांबला तो थांबलाच. गुरुजींनी वाक्य सांगितलं, मोठ्याने सांगितलं, शेवटी ओरडून सांगितलं. पोराच्या तोंडातून शब्द फुटेना. पुन्हा घेतलं तर तेच, तिसऱ्यांदाही तेच. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

"कालपोतर पोपटावानी म्हनत हुता," आप्पासाहेब म्हणाले, आणि जीप काढायला सांगा म्हणून त्यांनी दाराकडे हात केला. साडेचार होऊन गेले होते.

विजयमालेला राग आला. अडतोय हा, आणि खापर माझ्या डोक्यावर. पण रागाने जीप थांबत नाही हेही तिला कळत होतं. तिने प्रवीणकडे नीट बघितलं. एकशे सत्तर प्रयोग ती ट्रे धरून उभी होती आणि एकशे सत्तर वेळा लोक तिच्याशी असंच बोलले होते, उत्तर येणारच नाही अशा खात्रीने. त्या आवाजाची तिला चांगली ओळख होती. पोरगं वाईट नव्हतं. त्याला आजवर कोणी उत्तरच दिलं नव्हतं.

ती उठली, डब्यासकट ती जड मेढ स्वतः ओढत आणून तिने मधोमध ठेवली आणि लुगड्याचा पदर नीट केला.

"हिच्याशी बोल, बाळा," ती प्रवीणला म्हणाली. "मी न्हाईच हितं."

मग ती मेढीच्या मागे उकिडवी बसली. प्रवीण बोलायला लागला, तसे शब्द भराभर आले. सगुणाचं उत्तर मेढीमागून, हलक्या आवाजात आलं. तो जरा दचकला, पण पुढचं वाक्य आलं. दुसऱ्या खेपेला ती मेढीच्या मागे उभी राहिली, तिसऱ्या खेपेला शेजारी. चौथ्या खेपेला ती बोलत बोलत पार खिडकीपर्यंत गेली, आणि प्रवीण मेढीकडे पाठ करून तिच्या मागे मागे गेला. आता तो तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता. आणि अगदी शेवटी, वहीत नसलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून गेलं.

"मी तुझ्याकडं कधी बघितलंच न्हाई."

खिडकीत त्याची बायको दीपा उभी होती. लग्नाला आठ महिने झाले होते. तिने पदर तोंडाला लावला. विजयमालेचंही पाठ केलेलं सगळं क्षणभर सुटलं. "बघा की मग," एवढंच ती म्हणाली, आणि तेही नकलेत नव्हतं. गुरुजींनी घाईघाईने दोन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली.

 तेवढ्यात फाट्यावर पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला. सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे बघितलं. विजयमालेने मात्र बघितलं नाही. तिने पेटीच्या कडीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. मान वर होती.

आप्पासाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि घसा खाकरला.

"गुरुजी, सगुणा एकोनीस वर्षांची हाय आसं तुमाला कुनी लिव्हायला सांगितलं हुतं?" ते म्हणाले. "खोडा ते. आन् जीपवाल्याला म्हनावं, केडगावला जाऊ नको."

हॉर्न आणखी एकदा वाजला आणि गाडी निघून गेली. खोलीत एकदम गलका सुरू झाला. कोणी पाणी आणलं, कोणी रंगाची पेटी शोधायला पळालं. आप्पासाहेब दोन माणसांना मेढ उचलून सरपणात टाका म्हणून सांगत होते. विजयमालेने त्यांना थांबवलं.

"रात्री ती विंगेत उभी करा," ती म्हणाली. "दोन महिने माझं काम तिनं केलंय. आज तिला निवांत नाटक बघू द्या."