सेकंदसरांचा राहिलेला चढ

अर्धीच शर्यत बघून तुम्ही कधी कुणाचा निकाल लावला आहे का? मी लावला. लावून थांबले नाही, तो छापला आणि बोईसरच्या नाक्यानाक्यावर स्वतःच्या हातांनी वाटला. ज्यांचा लावला ते आमचे सेकंदसर.

सर मिनिटांत बोलतच नसत. पालघरला आमच्या शाळेत ते खेळ शिकवायचे. त्यांचा चहा ‘दोनशे चाळीस’मध्ये उकळायचा, आणि प्रार्थनेला उशिरा आलेल्या मुलीला ते म्हणायचे, “नव्वद गेले. कुठं सांडलेस?” गळ्यात शिट्टीच्या जोडीला काळ्या नाडीला बांधलेलं किल्लीचं स्टॉपवॉच. निवृत्त होऊन माकुणसारला घरी गेले, तरी ते गळ्यातून उतरलं नव्हतं.

शर्यतीची वेळ मोजताना ते शिट्टीवर विसंबत नसत. सुरुवातीच्या रेषेवर कुणाला तरी रुमाल घेऊन उभं करायचे, स्वतः शेवटच्या रेषेवर. रुमाल खाली आला की बटण दाबायचं. “आवाज उशिरा पोचतो, पोरी. ऐकून बटण दाबायचं नाय. बघून दाबायचं.”

आमच्या मैदानाला एका बाजूला उतार होता. म्हणून सर प्रत्येकाला एकदा उतारानं आणि एकदा चढानं पळवत आणि दोन्ही वेळा मिळूनच निकाल देत. सातवीत मी उतारानं पहिली आले आणि नाचायला लागले. सर म्हणाले, “नाचू नको. अजून चढ हाय.” चढावर मी तिसरी आले. त्या दिवशी फार रडले होते. धडा मात्र घेतला नाही, हे आता कळतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा सोलापूरहून बोईसरजवळच्या तारापूरच्या कारखान्यात आले, पालघरला बिऱ्हाड केलं आणि कामगार संघटनेत पडले. आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रक आलं. त्यातलं सगळं खरंच असणार असं मला वाटे, कारण ते आपल्या बाजूचं असे. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच लिहायला लागले. लोक म्हणायचे, पोरीच्या लेखणीला धार आहे. मीही तेच म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात तारापूरच्या दोन कारखानदारांच्या मुलांनी स्पोर्ट्स गाड्या आणल्या. एकाची लाल, पेट्रोलची, सुरू झाली की दुकानांच्या काचा थरथरायच्या. दुसऱ्याची पांढरी, विजेवरची, जवळून गेली तरी कळायची नाही. थांबलेल्या जागेवरून सरळ रेषेत आधी वेग कोण घेतं, यावर दोघांत पैज लागली. ती ते मोठ्या रस्त्यावर खेळू लागले, पहिल्या पाळीला सायकली निघतात त्या रस्त्यावर. कामगार कडेच्या गटारात उतरून जीव वाचवत. मी संतापले होते, आणि तो संताप खोटा नव्हता.

तेवढ्यात कळलं की त्या दोघांसाठी वेळ मोजायला सेकंदसर येणार आहेत. औद्योगिक वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गेले. नव्या प्लॉटांमधला, अजून वापरात न आलेला, खाडीकडे उतरणारा सरळ रस्ता. सरांनी टेपनं अंतर मोजून शाळेसारख्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. दोन्ही टोकांना दोर बांधले होते. पलीकडचा दोर धरून जान्या उभा होता. तो सरांचा जुना विद्यार्थी, आता कारखान्यात पॅकिंगला. मी त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढले. त्याला काही विचारलं नाही.

सरांनी रुमालाच्या इशाऱ्यावर एका वेळी एकच गाडी सोडली, प्रत्येकीला तीन वेळा. पांढरी सुटताक्षणी झेपावे. लाल आधी गुरगुरे, मग शेवटच्या टप्प्यात उसळे. सर वहीत आकडे लिहीत राहिले. नऊला खडीचे डंपर आले तसा त्यांनी हात वर केला. “आज उतार झाला. चढ पुढच्या सुट्टीला, याच वेळी.”

लालवाला मागे लागला, “सर, अभी बता दो ना, किसकी तेज है?”

“आधा हुआ है, बेटा. आधा निकाल मी देत नाय.”

मी दिला. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं: ‘ज्या हातांनी गरिबांची मुलं पळवली, त्या हातांत आज शेठजींचा रुमाल!’ वाक्य मला इतकं आवडलं की ते मी मोठ्या टाइपात छापलं. चार दिवसांत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. स्टँडवर रिक्षावाले सरांना म्हणू लागले, “काय सर, रुमाल धुतला काय शेठचा?” सर पुढच्या सुट्टीला आले नाहीत. चढ राहिला, पैजही राहिली. पोरं पुन्हा मोठ्या रस्त्यावर गेली.

पांढऱ्या गाडीचा आवाज येत नाही. पहिल्या पाळीला निघालेल्या जान्याला तो आला नाही. पाय दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात तो मला म्हणाला, “ताई, तुमाला ठाव नव्हता? सरांनी अटच घातलेली. निकाल मी लावतो, पन मंग परत मोठ्या रस्त्याला गाडी पळवायची नाय. दोघांनी हातावर हात मारलेला. सर बोलले, येका येळेला पैज संपव्या, म्हंजी आपली मानसं सुटतील.” मग म्हणाला, “तुमी माझ्या बाजूलाच तर उभ्या होत्या.”

मी माकुणसारला गेले. सर वाडीत वांग्यांना पाणी घालत होते. गळ्यात ती काळी नाडी नव्हती. मी माफी मागितली. ते पाणी घालत राहिले.

“जान्याकडं गेलीस?”

“गेले.”

“पालघरहून माझ्याकडं यायला किती लागतात?”

“अठराशे, सर.”

“मग तेवढे दिले का नायस?”

निघताना त्यांनी पिशवीत वांगी घातली. स्टॉपवॉच कुठे आहे, हे विचारायचा धीर झाला नाही.

माझं ते पत्रक अजून काही टपऱ्यांवर, काही घरांत आहे. मी ते एकाच बाजूला छापलं होतं. तुम्हाला सापडलं तर फाडू नका. उलटं करा आणि कोऱ्या बाजूवर ठळक लिहा: ‘सरांनी गाड्यांची वेळ मोजली ती आपल्या सायकली वाचवायला. त्यांना न विचारता हे छापलं.’ खाली माझं नाव घाला. पुढच्या बाजूला ते घालायला मी विसरले नव्हते. आणि जिथे होतं तिथेच परत चिकटवा.