पंचशीला वायरमन आणि नरहररावांचा जनरेटर

बसवकल्याणच्या बसस्टँडामागं एका बारक्या गाळ्यावर पाटी आहे, 'पंचशीला इलेक्ट्रिकल्स'. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. पण गावात ते नाव कुणी घेत नाही. तिला सगळे 'पंचशीला वायरमन' म्हणतात. सुरुवातीला लोक चेष्टेनं म्हणायचे. मग तिनं बांधलेले बोर्ड जळत नाहीत, तिनं बसवलेली मोटार पावसाळ्यात झटका देत नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि चेष्टा गेली, नाव तेवढं राहिलं.

माहेर तिचं भालकी तालुक्यातलं मेहकर. वडील पिराजी तरुणपणी तारांच्या कामावर रोजंदारीला जायचे. एकदा एका खेड्यात लाइन बंद करून ते खांबावर चढले होते. खालच्या माणसानं तार मेलीय म्हणून सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण शेजारच्या लग्नघरानं मांडवासाठी जनरेटर आणला होता आणि त्याची वायर सरळ घरच्या प्लगात खोचली होती. जनरेटर सुरू झाला, घरातला करंट उलटा फिरून खांबावर आला, आणि पिराजी खांबावरून उडाले ते खालच्या कडब्याच्या गंजीवर. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकली. पिराजी त्याचंही हसूच करतात. म्हणतात, "मेलेला साप चावत न्हाई, मेलेली तार चावती."

पंचशीला तेव्हा सातवीत होती. बंद तारेत करंट आला कुठून, हे तिला काही केल्या उमगेना. मग पिराजींनीच अंगणात काडीनं रेघा ओढून दाखवलं: हे घर, हा खांब, ही वायर, आणि हा मी. त्या रेघा पुसल्या गेल्या, पण पोरीच्या डोक्यातून काही गेल्या नाहीत. दहावी झाल्यावर तिनं भालकीच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नाव घातलं. वर्गात ती एकटीच मुलगी. सुमनबाई, तिची आई, रोज डबा देताना एवढंच बजावायची की कुणी चिडवलं तर चिडवू दे, पण स्क्रू नीट आवळून ये.

तर अशा पंचशीलाला गेल्या वैशाखात नरहररावांनी बोलावणं धाडलं. नरहरराव म्हणजे चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळं त्यांना ऐकवायची सवय होती, ऐकायची नव्हती. त्यांच्या पत्नी जानकीबाईंना हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ काही तास नाकाला ऑक्सिजनच्या यंत्राची नळी लावावी लागायची. त्यात वैशाखातलं वारं. वारं सुटलं की लाइट गेलीच. एकदा चार तास लाइट नव्हती आणि जानकीबाईंना धाप लागली. बंगळूरला असलेल्या मुलानं, विजयेंद्रनं, हे ऐकलं आणि आठ दिवसांत घरी जनरेटर येऊन पडला.

पंचशीला पोचली तेव्हा नरहररावांनी माहितीपुस्तक दोनदा वाचून खाली रेघाही मारल्या होत्या. जागाही ठरवली होती. मागची पडवी. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी भिंत, पाऊस नाही, चोर नाही. पडवीच्या अंगाला जानकीबाईंच्या खोलीची खिडकी.

"सर, हितं न्हाई बसवायचं," पंचशीला म्हणाली.

"कामून?"

तिनं समजावून सांगितलं. इंजिनाच्या धुरात एक असा वायू असतो की त्याला ना रंग, ना वास. कोंडलेल्या जागेत तो साठतो. माणसाला नुसती झोप आल्यासारखं होतं, आणि तो उठतच नाही. जनरेटर घराबाहेर पाहिजे, खिडक्या-दारांपासून चांगला वीस फूट लांब, वर छोटं छप्पर, भवती लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. अंगणाच्या पल्याडच्या कोपऱ्यात, शेवग्याच्या बाजूला, जागा होतीच.

जाळी आणि छपरापर्यंत नरहररावांनी मान हलवली. गाडी अडली ती पुढं. जनरेटरचा करंट घरात घ्यायचा कसा? नरहररावांनी फोनवर पाहिलं होतं की दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरं घरच्या प्लगात. सोपं. पंचशीलानं तसली वायर करून द्यायला साफ नकार दिला. मीटरशेजारी चेंजओव्हर स्विच बसवावा लागेल, म्हणाली, आणि जनरेटरला वेगळं अर्थिंग.

"मेन स्विच मी आधी बंद करत जाईन ना," नरहरराव म्हणाले. "मग करंट बाहेर जाईल कसा? चौतीस वर्षांत शाळेत एक तास मी चुकवला नाही. एक स्विच विसरेन का?"

"माणूस विसरतो सर. म्हणूनच ती दांडी लावायची. वर केली की बाहेरची लाइट, खाली केली की जनरेटर. दोन्ही संगट चालू करायचं म्हटलं तरी ते व्हत न्हाई."

नरहररावांनी बघू म्हटलं. ते 'बघू' कसलं आहे, हे पंचशीलाला कळलं. तिनं कागदावर नकाशा काढून टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलली. दारात जानकीबाईंनी तिला हळूच थांबवलं, चहा पाजला आणि फोन नंबर मागून घेतला. ह्यांचा काही नेम नाही, म्हणाल्या.

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, वाऱ्यानं कडूलिंबाची एक फांदी मोडली. ती नेमकी नरहररावांच्या घरी येणाऱ्या तारेवर पडली. तार खांबापासून तुटून झाडात लोंबकळायला लागली. गल्लीतली लाइट गेली. लायनमन भीमण्णा आला, त्यानं ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज काढला आणि शिडी लावली.

इकडं जानकीबाईंची संध्याकाळच्या यंत्राची वेळ होत आलेली. नरहररावांनी दोन पिनांची वायर स्वतःच करून ठेवली होती. जनरेटर ओढत पडवीत आणला, वायर प्लगात खोचली आणि इंजिनाची दोरी ओढायला लागले. जानकीबाईंनी पंचशीलाला फोन लावला. आवाज शांतच होता, पण धाप जाणवत होती. "अगं, आमचे हे पडवीत दोरी ओढायलेत. तीनदा ओढली. चौथ्यांदा बहुतेक लागेल."

पंचशीलानं गिऱ्हाइकाला तसंच उभं सोडलं आणि स्कूटी काढली.

गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा चौथी दोरी लागलेली होती. पडवीतून इंजिनाचा फटफट आवाज येत होता. आणि समोर भीमण्णा शिडीच्या दोन पायऱ्या चढून झाडातल्या तारेकडं हात लांबवत होता. स्कूटी तशीच आडवी टाकून ती धावली.

"अण्णा, तारेला हात लावू नका. खाली या."

"फ्यूज मी सोता काढलाय की."

"घरातून करंट यायलाय. आधी खाली या, मग बोला."

भीमण्णा जुना माणूस. वाद घालायची वेळ कुठली आणि ऐकायची कुठली, हे त्याला ठाऊक होतं. तो उतरला. पंचशीलानं पिशवीतून टेस्टर काढला. तारेला न टेकवता नुसता जवळ धरायचा तो टेस्टर होता. तारेपासून वीतभर लांब असतानाच त्याचा लाल दिवा लागला आणि तो किरकिरायला लागला. भीमण्णानं शिडी उचलून बाजूला ठेवली.

जानकीबाई पुढच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. नाकानं ऑक्सिजन आणि तोंडानं धूर, असलं दुहेरी काम आपल्याला जमणार नाही, असं नवऱ्याला सांगून त्या बाहेर आल्या होत्या. पंचशीला श्वास धरून पडवीत शिरली, इंजिन बंद केलं, वायर उपटली, खिडक्या उघडल्या. मग मीटरपाशी गेली. मेन स्विच चालूच होता. नरहरराव मागं उभे होते. त्यांनी स्विचकडं पाहिलं, मग तिच्याकडं. बायकोची धाप ऐकून ते घाईत विसरले होते.

तिनं त्यांना एवढंच म्हटलं की सर, जरा बाहेर चला.

बाहेर भीमण्णा कडूलिंबाच्या सावलीत पाणी पीत बसला होता. तोही नरहररावांचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. सर आलेले बघून उठायला लागला. नरहररावांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि गल्लीतली दहा-पंधरा माणसं उभी असताना म्हणाले, "भीमण्णा, मेन बंद करायला मी विसरलो. चूक माझी आहे."

राहू द्या सर, राहू द्या, असं काहीसं भीमण्णा पुटपुटला आणि तांब्या पुन्हा तोंडाला लावला. पंचशीलाला एकदम पिराजी आठवले. त्या लग्नघरातलं कुणी आजवर मेहकरला आलं नव्हतं, दोन शब्द बोलायलासुद्धा नाही. तिनं तोंड फिरवून झाडावर अडकलेली फांदी बघितल्यासारखं केलं.

अर्ध्या तासात भीमण्णानं तार जोडली, लाइट आली, यंत्र सुरू झालं. आणि सोमवारी सकाळी नरहरराव स्वतः दुकानावर आले. टेबलावरचा नकाशा त्यांनी घडी घालून खिशात आणला होता. याप्रमाणं कर, म्हणाले, एक फूट इकडं नको, एक फूट तिकडं नको.

काम दोन दिवस चाललं. अर्थिंगचा खड्डा खणायला मेहकरहून पिराजी आले. यायची गरज नव्हती, पण खड्डा कोळसा-मीठ घालून नीट भरला जातो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. नरहररावांनी टेप लावून खिडकीपासून जनरेटरपर्यंतचं अंतर मोजलं. बावीस फूट भरलं, तेव्हा त्यांना पूर्ण मार्क द्यावेसे वाटले. दुपारी दोघं म्हातारे शेवग्याखाली जेवायला बसले. पिराजींनी गंजीवर पडल्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. नरहरराव हसले, आणि मग त्यांची नजर त्या वाकलेल्या बोटांवर गेली. ताटातली शेवटची पोळी त्यांनी पिराजींच्या ताटात वाढली.

मीटरशेजारी चेंजओव्हरची पेटी बसली. पंचशीलानं वीज कार्यालयात अर्ज दिला आणि तिथल्या माणसाला बोलावून सगळं दाखवलं. पेट्रोलचा कॅन घरात ठेवायचा नाही, गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवून बघायचं, हे सगळं तिनं तोंडी सांगितलं. नरहररावांना तोंडी सांगितलेलं पटत नसे. त्यांनी पांढऱ्या पत्र्यावर शाईनं सगळं सुरेख अक्षरात लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्येही. कन्नड मजकूर भीमण्णानं तपासला आणि सरांची एक चूक काढली. आयुष्यात पहिल्यांदाच काढली असेल, पण काढताना त्याचा चेहरा असा काही खुलला की नरहररावांनी ती मुकाट्यानं सुधारली.

पुढच्याच आठवड्यात लाइट गेली. नरहरराव उठायच्या आत जानकीबाई उठल्या. तुम्ही इंजिन बघा, दांडी मी ओढते, म्हणाल्या. अंगणाच्या टोकाला इंजिन लागलं, त्यांनी पेटीची दांडी खटकन खाली केली, आणि घर उजळलं. मग खोलीत जाऊन नळी लावून त्यांनी पंचशीलाला फोन केला. करंट आला, धूर नाही, आणि दांडी मी ओढली. तिसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

नरहररावांना आता एक नवाच उद्योग लागलाय. संध्याकाळी छत्री घेऊन फिरायला निघतात आणि कुठं जनरेटरचा आवाज आला की थेट आत शिरतात. तुमच्याकडं दांडी आहे का, धूर कुठं जातो, हे विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाहीत. गिरणीवाल्या जगदेवप्पाकडची दोन पिनांची वायर त्यांनी त्याच्यादेखत कातरीनं कापली. जगदेवप्पा चिडला, पण दुसऱ्या दिवशी पंचशीलाकडं आला. तिच्याकडं सध्या अशी पाच कामं आहेत.

परवा मात्र तिला सरांना दुकानात बसवून थोडं सुनवावं लागलं. तपासणी करा, वायरी कापा, माझी ना न्हाई, म्हणाली, पण छत्रीची दांडी लोकांच्या मीटरच्या पेटीत घालून बघू नका. लोखंडी हाय ती. नरहररावांनी मान हलवली, छत्री बाजूला ठेवली, आणि लाकडी काठी चालेल का म्हणून विचारलं.