साताऱ्याच्या डॉक्टरची वाट

नवरा तीन आठवडे खोकत होता आणि चेन्नईत दवाखानेच नसल्यासारखा साताऱ्याच्या डॉक्टरची वाट बघत होता. "इथल्यांना माझी प्रकृती काय कळणार? दिवाळीला गेलो की दाखवू." मी रोज अडुळशाचा काढा उकळत होते, आलं-मध चाटवत होते. खोकल्याची उबळ आली की कोणीतरी त्याला आतून लाथा घालतंय असं वाटायचं.

त्या सकाळी तो बेसिनमध्ये थुंकला, तर रक्त. मला बघून त्याने घाईघाईने नळ सोडला.

माझं डोकंच फिरलं. हातातलं काढ्याचं पातेलं मी भिंतीवर फेकलं. त्याची कॉलर धरून त्याला दारावर आपटलं.

"अगं, पुढच्या शुक्रवारचं तिकीट आहे!" तो ओरडला.

मी त्याला ओढत जिन्यावरून खाली नेलं आणि ऑटोत कोंबलं.

अण्णा नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, "खोकला किती दिवस आहे?"

"चार," तो म्हणाला.

त्यांच्यासमोरच मी त्याच्या थोबाडीत खाडकन लगावली. "तीन आठवडे!"

बाईंनी शांतपणे त्याची छाती तपासली, एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. मग माझ्याकडे वळल्या. "एवढे दिवस खोकला थांबत नाही म्हटल्यावरच यायचं होतं. रक्ताची वाट कशाला बघितलीत? घरी काय करत होतात तुम्ही?"

माझा तळहात अजून झिणझिणत होता.

"काढा," मी म्हणाले.