शेलारसाहेब, शिडीवरून उतरा

श्री. मधुकरराव शेलार यांच्याशी माझा परिचय भांडणाने झाला, हे या गौरवग्रंथात नमूद करणे मी आवश्यक समजतो. पेठ रस्त्यावरील आमच्या शाळेला सभागृह हवे होते. मुख्याध्यापक या नात्याने मी पत्र्याचे छप्पर घालून मोकळा होणार, तोच नाशिकहून हे स्थापत्य अभियंते आले व म्हणाले, "सर, बांबूचं करू."

शाळा समितीचे अध्यक्ष हसले. "साहेब, बांबू दोनच कामांचा. मांडवाला, नायतर तिरडीला. दोन्हीकडं मुक्काम थोडाच!"

"म्हणूनच त्याला तिसरं काम देऊ," शेलारसाहेब म्हणाले.

मग माझा छळ सुरू झाला. पावसाळा सरेपर्यंत त्यांनी एकही काठी तोडू दिली नाही; रसरशीत बांबूला भुंगा लागतो म्हणे. पुढे कीड लागू नये म्हणून टाकणखाराच्या पाण्यात भिजवणे, मग सावलीत वाळवणे. मुले ओसरीत दाटीवाटीने शिकत होती आणि मी त्या वाळत्या काठ्यांकडे दातओठ खात पाहत होतो. जोते गुडघाभर उंच, वळचण भिंतीपुढे हातभर. "बांबूला डोक्यावर टोपी हवी, पायांत बूट हवेत," हे वाक्य मला झोपेतही ऐकू येई. त्याच सुमारास माझी पत्नी नाशिकला रुग्णालयात होती. शेलारसाहेबांनी तिच्यासाठी रोज घरचा डबा आणला. डब्याबरोबर बांबूवरील व्याख्यानही आणले. पत्नी बरी झाली, व्याख्यान अद्याप चालू आहे.

सभागृह उभे राहिले. शेजारचे पत्रे वादळात उडाले, आमचे छप्पर हलले नाही. त्याच अध्यक्षांनी नातीचे लग्न तेथे लावले व वेगळा मांडव घातला नाही. याहून मोठे प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.

तरीही पंचाहत्तरीचे हे गृहस्थ दर दिवाळीत छपराचे सांधे तपासायला स्वतः शिडीवर चढतात. यंदा वरच्या पायरीवर त्यांना भोवळ आली. आम्ही धरून खाली बसवले, तर विचारतात काय, "डावीकडचा सांधा पाहिलात का?"

त्यांच्या पत्नी सुमनताई संतापल्या. "सर, तुम्ही तरी सांगा! बांबूला टोपी, बांबूला बूट. आणि ह्यांना स्वतःच्या गोळ्या आठवत नाहीत. डॉक्टरांकडे चला म्हटलं की कामं निघतात!"

मी विचारले, "तुमचा बांबू एवढा टिकाऊ आहे, तर दरवर्षी चढता कशाला?"

"टिकाऊ म्हणजे वाऱ्यावर सोडावं असं नव्हे, सर. वरचेवर बघावं लागतं."

शेलारसाहेब, आपले हेच वाक्य या ग्रंथाच्या सर्व वाचकांसमक्ष मी आपल्यालाच परत करीत आहे. शाळेची शिडी मी कोठीत ठेवविली असून किल्ली सुमनताईंकडे आहे. आपली तपासणी झाल्यावर कोठी उघडेल. शिडीवर आपण बांबूकाम शिकवलेले तरुण चढतील. आपण खाली खुर्चीत बसून त्यांच्या चुका मोठ्याने सांगाव्यात. आपल्याला निरामय शंभरी लाभो आणि तिचा सोहळा त्याच छपराखाली होवो. त्या वेळचा लेखही मीच लिहिणार आहे. म्हणजे तोवर मलाही टिकून राहणे भाग आहे, याची आपण कृपया जाणीव ठेवावी.