दादा लेमोनेड प्याले होते

गेल्या महिन्यात कल्याणास आमच्या घराण्यातील एका मुंजीत माझ्या पुतण्याने, म्हणजे माझ्या वडील बंधूंच्या चिरंजिवाने, पंधरा-वीस माणसांसमोर एक हकिगत सांगितली. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकास बसलो होतो आणि माझे कान अद्याप शाबूत आहेत, याचा त्याला विसर पडला असावा. हकिगत अशी: काका ठाण्यास एकटे राहत असताना त्यांनी आमच्या वडिलांना एका पारशाच्या दारूच्या गुत्त्यावर नेले, वडिलांनी तेथल्या कशालाही स्पर्श केला नाही, आणि त्याच संध्याकाळी काकांच्या मुलाला घेऊन ते तडक गावी परतले. "म्हणून तो आमच्यात वाढला," असा त्याने समारोप केला आणि मंडळी हसली.

ती गोष्ट घडली तेव्हा या पुतण्याचे वय सात वर्षांचे होते आणि तो आपल्या आजोळी होता. त्याने ना ठाणे पाहिले होते, ना तो पारशी. तेव्हा वीस-बावीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट जशी घडली तशी एकदा लिहून ठेवणे मला भाग आहे. दारूचा गुत्ता नव्हता. दादा, म्हणजे माझे हे वडील बंधू, त्याच संध्याकाळी परतले नाहीत. आणि ते लेमोनेड प्याले. एक नव्हे, दोन बाटल्या.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. आगगाडी सुरू होऊन पंचवीसएक वर्षे झाली होती आणि आमच्या गावच्या लोकांना ठाणे हे फार मोठे शहर वाटे. माझी पत्नी वारून चार वर्षे लोटली होती. ती गेली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा. त्याला दादा आणि वहिनी कल्याणच्या पलीकडे, आमच्या गावी घेऊन गेले. मी तळ्याजवळ एका खोलीत राहत असे. चूल होती, पण तिच्यात विस्तव नसे. चार वर्षे मी दोन्ही वेळा खाणावळीत जेवत होतो.

मुलगा नऊ वर्षांचा झाला. त्याची मुंज झाली होती, आणि त्याला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घालावे व आता आपल्याजवळ ठेवावे, असे मी दादांना लिहिले. दादांचे उत्तर आले: "आम्ही उभयता त्याला घेऊन येतो. तुझी राहणी पाहू. मन भरले तर ठेवून जाऊ." माझ्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणजे ते माझी राहणी पाहणार होते ती खाणावळीतच. म्हणून पाहुण्यांना कोठे जेवू घालावे, हा प्रश्न मी कचेरीतल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा अधिक काळजीने हाताळला.

स्टेशनाजवळच्या खाणावळीत अन्न चांगले असे. परंतु तेथे कोण कोणाशेजारी बसतो याला काही धरबंध नव्हता. टेंभी नाक्याकडे वकिलांची एक खाणावळ होती. तेथला आचारी सोवळ्याने रांधी. मी त्याला विचारले, "बायकामाणसाचे पान मांडाल काय?"

तो म्हणाला, "बायकामाणूस? साहेब, खाणावळीत बायकामाणूस जेवायला आलेले मी जन्मात पाहिले नाही. त्यांना फराळाचे बांधून देऊ."

वहिनींना पुडीतले खायला घालून मी त्यांच्याकडून मुलगा मागणार होतो की काय? ती खाणावळ तेथेच बाद झाली.

शेवटी मी जेथे रोज जेवत असे तीच जागा राहिली. ती एका विधवा बाईंची होती; त्यांना सारे काकू म्हणत. विहिरीचे पाणी त्या स्वतः शेंदीत. त्यांना मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या वहिनी माझ्यापाशी आत बसतील. मी वाढीन, त्या जेवतील, आणि गावाकडच्या चार गोष्टीही होतील. तुम्ही पुरुष माणसे बाहेर. आधीच सांगा, तुमच्या दादांना भाजी कोणती लागते?"

मला ते सांगता येईना. दादांना काय आवडते, ते मी विसरलो होतो. "काहीही करा," असे मी म्हणालो.

संध्याकाळसाठी मी पारशाची गच्ची निवडली, आणि तिच्याविषयी इतके बोलले गेले आहे की तिचे वर्णन करणे अवश्य आहे. खाली दुकान होते. त्यात एका बाजूस साहेब लोकांसाठी विलायती मद्याच्या बाटल्या असत, हे मी कधीही नाकारले नाही. परंतु गच्चीवर जाण्याचा जिना बाहेरून होता. वर चार मेजे, वेताच्या खुर्च्या, आणि सोडा व लेमोनेड यांशिवाय दुसरे काही मिळत नसे. तेथून खाडी, रेल्वेचा पूल आणि बाळकुमच्या बाजूने येणारी कोळ्यांची गलबते दिसत. कचेरीतली चांगली चांगली माणसे तेथे वारा खायला येत. मीही दर शनिवारी जात असे. एक बाटली घेऊन सूर्य मावळेपर्यंत बसत असे. माझ्या समोरची खुर्ची कोणाला हवी असल्यास तो विचारून घेऊन जाई.

मंडळी सकाळच्या गाडीने आली. मुलगा वाढला होता. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि मग वहिनींच्या मागे जाऊन उभा राहिला. मी शाळेत त्याचे नाव आधीच घालून ठेवले होते आणि खोलीत त्याच्यासाठी एक लहान पाट व खुंटी नवी आणली होती. वहिनींनी खोली पाहिली, चूल पाहिली. "स्वच्छ आहे हो, भावोजी," एवढेच त्या म्हणाल्या. चूल स्वच्छ असणे ही स्तुती नव्हे, हे मला तेव्हा कळले नाही.

दुपारी आम्ही काकूंकडे गेलो. वहिनी आत गेल्या. बाहेर दादा, मी आणि आमच्यामध्ये मुलगा, अशी पाने मांडली होती. पलीकडे खाणावळीचे नेहमीचे दोघे-तिघे होते. आमच्या घरी दादांनी आपोशन घेतल्याखेरीज कोणी घास उचलत नसे, आणि दादा उठेपर्यंत कोणी उठत नसे. पंक्तीतला एक जण मध्येच उठला तर उरलेल्यांनी पानावरचे अन्न तसेच टाकून उठायचे, ही आमच्या घरची कडक चाल होती. माझे वडील गेले तेव्हापासून ती दादांनी सांभाळली होती. मीही तीत वाढलो होतो.

पान वाढले गेले. मी आपोशन घेतले, जेवलो, ताक प्यालो, हात धुतला आणि दाराजवळच्या तबकातली सुपारी तोंडात टाकली. हे सर्व मी चार वर्षे दिवसातून दोनदा करीत आलो होतो तसेच केले. कचेरीत वेळेवर पोहोचणाऱ्या माणसाला जेवायला जितका वेळ लागतो तितकाच मला लागला. त्या दिवशी माझी रजा होती.

मागे वळून पाहिले तेव्हा काकू वाढायची पळी हातात घेऊन उभ्या होत्या. दादांनी हात पानापासून दूर धरला होता. त्यांचा मधला भात तसाच होता. मुलगा सावकाश जेवणारा. त्याच्या पानावर वरणभात, वर तुपाची धार, आणि एक लाडू. त्याने लाडूकडे पाहिले, मग दादांकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

काकू हसत हसतच म्हणाल्या, "काय हो भाऊ, आज पंक्त मोडलीत की! पोराचा लाडू राहिला."

येथे मी खजील झालो असतो आणि तसे म्हटले असते तर सर्व निभावले असते. पण समोर नेहमीची माणसे बसली होती आणि मला सर्वांदेखत चूक दाखवली गेलेली कधीच खपली नाही. मी म्हणालो, "खाणावळीत कसली पंक्त, काकू? ज्याचे त्याने जेवावे आणि उठावे."

दादांनी उत्तरापोशन घेतले, मुलानेही घेतले, आणि दोघे उठले.

संध्याकाळी वहिनी तळ्याकाठच्या देवळात बसल्या आणि आम्ही तिघे गच्चीवर गेलो. त्या बाटल्यांचे बूड गोल असे, त्यामुळे त्या मेजावर उभ्या राहत नसत. मुलगा आपली बाटली उभी करण्याचा खटाटोप करू लागला आणि ती दर वेळी लोळून दादांकडे जाई. दादा ती त्याच्याकडे परत लोटीत.

"हे पाणी कोणी भरले?" दादांनी मला विचारले.

"माणसाने नाही, दादा. यंत्राने."

"यंत्राची जात कोणती?"

"लोखंडाची."

"लोखंड आमच्या देवघरात चालत नाही," दादा म्हणाले. बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली. "आणि हे बुडबुडे?"

"ती हवा आहे."

"हवेला विटाळ नाही, हे खरे." असे म्हणून त्यांनी बाटली तोंडाला न लावता, वरून धार धरून पिण्याचा प्रयत्न केला. वायू थेट नाकात गेला. त्यांना असा जोराचा ठसका लागला की शेजारच्या मेजावरचे लोक वळून पाहू लागले. मुलगा खो खो हसला. आणि दादा, जे घरात कधी मोठ्याने हसत नसत, डोळे पुसत पुसत हसले. "अरे, हे प्यायचे की याच्याशी कुस्ती खेळायची?" ते म्हणाले आणि दुसरी बाटली मागवली. ती दोघांनी मिळून संपवली.

ही वस्तुस्थिती आहे. तिला मी साक्षीदार आहे आणि माझा मुलगा साक्षीदार आहे. पुतण्याने पुढच्या मुंजीत सांगायचे असेल तर हे सांगावे.

त्या संध्याकाळी मी समजलो की मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या खोलीच्या ओट्यावर बसले होते. वहिनी आत मुलाचे कपडे बांधीत होत्या. मी विचारले, "त्याचे कपडे कशाला बांधता?"

दादा म्हणाले, "त्याला आम्ही परत नेतो."

"त्या बाटलीमुळे?"

"बाटली छान होती."

"मग?"

दादा म्हणाले, "ज्याचे त्याने जेवावे आणि उठावे, असे तू म्हणालास. मी रागाने सांगत नाही. तुला तसे राहावे लागले, आम्ही दूर होतो. पण पोर काल अर्धपोटी उठले आणि तुला कळले नाही. त्याला कोणी थांबणारे पाहिजे रे. नऊ वर्षांचा आहे तो."

मी पुष्कळ वाद घातला. शाळेचे सांगितले, इंग्रजीचे सांगितले, बापाच्या हक्काचे सांगितले. वादात मी कधी हरलो नाही आणि त्या दिवशीही दादांपाशी माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हते. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच गावी या की. जमिनीचे काम आहे, तुमचे पान आहे." मी त्यांना म्हणालो की सरकारी नोकरी अशी सोडता येत नसते. आज त्याबद्दल मी काही बोलू इच्छीत नाही.

मुलाला कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही. मी विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, याविषयी माझा अंदाज आहे. तो मी बावीस वर्षे कोणाला सांगितलेला नाही.

गाडी सुटण्यापूर्वी दादा हळूच म्हणाले, "गावात विचारतील, परत का आणले. शहरातल्या पाण्याबिण्याचे काहीतरी सांगेन. कालचे राहू दे आपल्यात." मी मान हलवली. त्यांनी तो शब्द मरेपर्यंत पाळला. आणि त्यांच्या त्या थोरपणातून, मागाहून लोकांनी भर घालत घालत, पारशाचा गुत्ता, न शिवलेली बाटली आणि तडक परतणे हे सर्व उत्पन्न झाले. म्हणजे पुतण्याची हकिगत खोटी आहे, परंतु ती त्याने रचलेली नाही. एवढी दुरुस्ती मी न्यायाने करतो.

मंडळींना पोहोचवून मी घरी गेलो नाही. मी शाळेत गेलो. हेडमास्तर वर्गात होते. ते बाहेर येईपर्यंत मी व्हरांड्यात उभा राहिलो. ते आले आणि म्हणाले, "काय, मुलगा आला का? सोमवारपासून पाठवा."

मी म्हणालो, "त्याचे नाव काढून टाकावे, ही विनंती."

त्यांनी हजेरीपुस्तक उघडले, ओळ शोधली आणि लेखणी हातात घेऊन थांबले. "कारण?" त्यांनी विचारले. "रकान्यात कारण लिहावे लागते."

मी त्यांना एक कारण सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले. तेही खरे नव्हते.